सत्तेचाळीस नंबरचा कोट

बफेलोत नोव्हेंबर लागला की प्रत्येक कोटाला घराचा वास असतो.
ओली लोकर, कुत्र्याचे केस, कुणाच्या दुपारचा तळलेला कांदा.
पावलाकांच्या डान्स हॉलमध्ये
एकवीस वर्षं मी कोट सांभाळते.
कोट घ्यायचा, पितळी बिल्ला द्यायचा.
बिल्ला आला की कोट परत.
गणितात दोनदा नापास झालेली मी,
पण हा हिशेब कधी चुकले नाही.

एकदाच चुकला.
सत्तेचाळीस.
खाकी कोट, कॉलरला मेंढीचं कातडं,
डाव्या खिशात बसचा पास आणि चावलेली पेन्सिल.
पोराचे कान थंडीने लाल.
"नीट ठेवा हं, भावाचा आहे."
मी नीट ठेवला.
तो खाली टॉयलेटमध्ये, शेवटच्या दारामागे
भिंतीला टेकून बसला
तो बसलाच.
डोनाल्डने दार फोडलं.
कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी थोबाडीत,
मी तळपाय चोळत राहिले.
जे जे ठाऊक होतं ते सगळं केलं.
ठाऊक काहीच नव्हतं.
वर अकॉर्डियन चालू होतं, कुणी थांबवायला सांगितलंच नाही.
एमेट हे नाव दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

भाऊ कोट न्यायला आला नाही.

नगरपालिकेच्या सुनावणीला पावलाक टाय लावून गेले.
"माझ्याकडे लोक नाचायला येतात, मरायला नाही.
दारातच ती पेटी टांगली तर गिऱ्हाईक काय समजेल?"
मागून एक म्हातारा उठला, टोपी हातात.
"आग विझवायचं नळकांडं आहे ना तुमच्या दारात?
ते बघून कुणी काड्यापेटी आणली का?"
लोक हसले. पावलाक हसले नाहीत.
मी त्यांच्याच शेजारी बसले होते,
पर्सचा बंद बोटाला गुंडाळत, गप्प.

नियम झाला. पेटी आली,
नळकांड्याच्या आणि माझ्या खुंट्यांच्या मधे.
ओडेट नावाची नर्स रबरी बाहुली घेऊन शिकवायला आली:
डोकं मागे. टोक नाकपुडीत. अंगठा दाबा.
रुग्णवाहिकेला फोन. मग श्वास द्या.
तीन मिनिटांत हालचाल नाही, तर दुसरा फवारा.
पावलाक पेटीवरची तारीख बघून कुरकुरले,
दूध नासतं तसं औषधही नासतं का म्हणून.

फेब्रुवारीत कुणाच्या तरी निवृत्तीची पार्टी होती.
हिरव्या टिकल्यांच्या झग्यातली बाई, पन्नाशीची,
दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलणारी.
कंबर दुखत होती, मैत्रिणीने पर्समधून गोळी काढून दिली.
कुणाची गोळी, कुठली, मैत्रिणीलाही सांगता येईना.
माझ्या खिडकीपाशी खुर्चीवर ती घोरत होती.
मग घोरणं थांबलं.
ओठ जांभळे.
फवारा मी मारला.
श्वास पावलाकांनी दिले, गुडघ्यांवर बसून,
जरीच्या जाकिटाची बटणं तुटत होती.
एकेका श्वासाआड ते आकडे मोजत होते पोलिशमध्ये,
आजीने शिकवलेले.
म्हणाले नंतर, इंग्रजी आकडे आठवेचनात.

दुसऱ्या फवाऱ्याला ती उठली
ती संतापूनच.
"कोण तुम्ही? सोडा मला!"
आणि पावलाकांच्या बुटांवर भडाभडा ओकली.
आभार वगैरे काही नाही. कशाला असावेत?
झोपेतून ओढून काढलेलं माणूस आभार मानत नाही.

स्ट्रेचरवर नेताना तिने मूठ उघडली.
घामाने ओला बिल्ला, नंबर बारा.
"माझा कोट."
मी दिला.
इतक्या वर्षांत एवढे कोट दिले,
हात कधी असा थरथरला नव्हता.

सत्तेचाळीस अजून आहे.
जूनमध्ये मागच्या अंगणात ऊन दाखवते,
पेन्सिल खिशातच राहू देते.

सोमवारी पावलाक औषधाचा कागद भरायला बसले.
"लोरेटा, दोन फवारे संपले. दोनच मागवू?"
मी म्हटलं, मागवा.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
किंमत परत एकदा वाचली,
आणि चार लिहिले.